पिंडीवरची गळती, मोरीतली गळती

मराठीत ‘गळती’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्या दोघांची सहसा गाठ पडत नाही. वैशाखात उन्हाचा तडाखा वाढला की शंकराच्या देवळात पिंडीवर तळाशी भोक असलेलं तांब्याचं भांडं बसवतात. भोकात दर्भाची काडी नाहीतर सुताची वात सरकवतात आणि रात्रंदिवस थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. या भांड्याचं नाव गळती, संस्कृतात गलंतिका. वैशाखात ती लावणं पुण्याचं मानलं जातं. दुसरी गळती घरातली. मोरीतल्या नळाची, कमोडच्या टाकीची, भिंतीत बुजवलेल्या पाइपाची. ती कुणी लावत नाही, ती लागते. तिच्यावरून भांडणं होतात, छताला पोपडे येतात आणि प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणून पाच दिवस येत नाही.

थेंब दोन्हीकडे सारखाच. मग एक पुण्य आणि दुसरी नासाडी, असं का? वरवर पाहता हा प्रश्न चेष्टेचा वाटतो. पण पाप आणि पुण्य, जाणतेपण आणि अजाणतेपण, आपलं आणि शेजाऱ्याचं या गोष्टींवर धर्मविचारानं शतकानुशतकं जो खल केला, तो सगळा या एका थेंबात उतरतो.

आधी थेंबाचा हिशेब. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब गाळतो. थेंबाचा आकार नळागणिक बदलतो, पण साधारण ४,००० थेंबांचा लिटर धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटर होतात, म्हणजे एक मोठी बादली. वर्षाचे झाले जवळजवळ ७,९०० लिटर. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं, असं केंद्र सरकारचं प्रमाण आहे. त्या हिशेबानं एका गळक्या नळानं एका माणसाचं अठ्ठावन्न दिवसांचं पाणी घालवलं. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशननं ठरवलेलं प्रमाण माणशी ५५ लिटर. तिथल्या माणसाचे जवळपास पाच महिने गेले.

नळ घरात आला तेव्हा धर्मानं त्याला प्रश्न विचारला होता. पण तो गळतीचा नव्हता, वायसरचा होता. नळाच्या स्पिंडलखाली जी चकती दाबली जाते आणि पाणी थांबतं, ती त्या काळी चामड्याची असे. चामड्याला लागून आलेलं पाणी सोवळ्यात कसं चालायचं? सनातनी घरांत नळ आल्यावरही देवपूजेचं पाणी विहिरीवरूनच येत राहिलं. गंमत अशी, की नळात सगळ्यात आधी झिजतो तो वायसरच. ज्या चकतीच्या स्पर्शावर एवढा काथ्याकूट झाला, ती झिजल्यावर किती पाणी वाया जातं, हे विचारायला मात्र कुणी थांबलं नाही.

हा केवळ चकतीचा किस्सा नाही. पाण्याच्या बाबतीत रूढ धर्माची नजर बराच काळ एकाच जागी खिळून होती: हात कुणाचा लागला? जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा गावानं भुवया उंचावल्या त्या याच प्रश्नावर. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक पाणी प्याले, त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. माणसाच्या ओंजळीनं तळं बाटतं, असा हिशेब मांडणारा धर्म पाणी वाहून जाण्याबद्दल गप्प होता, असं यावरून वाटेल. तसं पूर्ण खरं नाही. धर्माच्या जुन्या पेटीत गळतीवर लागू पडणारी हत्यारं होती. ती वापरात नव्हती, एवढंच.

त्यातलं एक हत्यार, विचित्र योगायोगानं, त्याच मनुस्मृतीत सापडतं जिची महाडलाच २५ डिसेंबर १९२७ रोजी होळी झाली. तिच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे कत्तलीची जागा. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाचवी पाण्याची घागर. या पाच ठिकाणी घरातल्या माणसाच्या हातून रोज, नकळत, जीव मरतात. खून करायचा म्हणून कुणी केर काढत नाही, पण केरसुणीखाली मुंग्या येतातच. शास्त्रकारांची कल्पना अशी, की घर चालवणं हेच मुळात निर्दोष नसतं. पाणी भरून ठेवण्याची जागासुद्धा दोषाची जागा आहे.

आणि त्यावरचा उपाय? एकदाचं मोठं प्रायश्चित्त नव्हे. रोजचे पाच यज्ञ: अध्ययन-अध्यापन, पितरांचं तर्पण, होम, प्राणिमात्रांना बळी म्हणजे अन्नाचा वाटा, आणि अतिथीचं आदरातिथ्य. दोष रोजचा, तर भरपाईही रोजची. त्या ग्रंथाचं बाकी काय करायचं ते महाडनं ठरवलं आहे. पण घरातल्या पाणवठ्याकडे रोज संशयानं पाहावं, ही त्यातली सूचना आजच्या फ्लॅटमध्येही कामाची आहे. आजच्या घागरीचं नाव आहे फ्लशची टाकी.

आता खरा पेच. फ्लशच्या टाकीतला रबरी पडदा झिजला आणि पाणी कमोडच्या मागच्या भिंतीवरून कागदाइतक्या पातळ थरानं उतरत राहिलं, तर ना आवाज येतो, ना थेंब दिसतो. घरच्यांना ठाऊकच नाही. मग दोष कुणाचा? ज्याचा हेतू नाही, त्याला पाप लागतं का?

या प्रश्नावर अडीच हजार वर्षांपूर्वी बिहारात वाद झडला होता. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात त्याची हकिकत आहे. निगंठ नातपुत्त म्हणजे महावीर, आणि उपाली हा त्यांचा धनाढ्य गृहस्थ शिष्य. तो बुद्धाशी वाद घालायला जातो. वादाचा मुद्दा हाच, की कायेनं, वाचेनं आणि मनानं होणाऱ्या कर्मांत सगळ्यात भारी कोणतं? उपाली म्हणतो, कायेचं. बौद्धांच्या या ग्रंथात बुद्धाचा पक्ष अर्थातच जिंकतो: मनाचं कर्म सगळ्यात मोठं, हेतू हेच कर्म. चालताना नकळत बारीक जीव चिरडले गेले तर, असं बुद्ध विचारतो, तेव्हा हेतू नसेल तर तो मोठा दोष नव्हे, हे खुद्द उपालीलाच कबूल करावं लागतं. या न्यायानं फ्लशची टाकी निर्दोष सुटते.

जैन परंपरेचं म्हणणं तिच्या स्वतःच्या ग्रंथांत वाचलं तर ते इतकं ढोबळ नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना ‘प्रमादा’ची अट घातली आहे. नुसता जीव गेला म्हणून हिंसा झाली असं नाही. बेसावधपणातून गेला तर ती हिंसा. जैनांच्या लेखी पाणी ही नुसती वस्तूही नाही. अप्काय जीव, म्हणजे पाणी हेच ज्यांचं शरीर आहे असे जीव, त्यात मानलेले आहेत. म्हणून पाणी गाळून घ्यायचं आणि गाळण्याच्या फडक्यावर अडकलेले जीव ज्या विहिरीतून पाणी आणलं तिथंच परत सोडायचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी जैन घरांत आजही नळाच्या तोंडाला पांढरी कापडी पिशवी बांधलेली दिसते. त्या घरातली बाई दिवसातून चार वेळा नळाकडे नीट बघते. गळती तिच्या नजरेतून सुटायची नाही.

धर्मशास्त्रानंही हा भेद केला. जाणून केलेलं आणि नकळत झालेलं, यांची प्रायश्चित्तं वेगळी. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’चा १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला चौथा खंड पातकं आणि प्रायश्चित्तं यांनीच सुरू होतो, आणि नकळत घडलेल्या पापाला प्रायश्चित्त असतंच पण जाणूनबुजून केलेल्याला तरी ते आहे का, यावर स्मृतिकारांत किती मतभेद होते हे त्यात कळतं. एका गोष्टीवर मात्र एकमत दिसतं. नकळत झालेल्या दोषालाही भरपाई आहे. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्यानं ओझं हलकं होतं, नाहीसं होत नाही.

बुद्धाचं ऐकावं की उमास्वातींचं? गळतीपुरता निकाल उमास्वातींच्या बाजूनं द्यावा लागतो, कारण गळती फार काळ ‘नकळत’ राहत नाही. ती खुणा देते. खुणा दिसूनही पाहिल्या नाहीत, तर ते अज्ञान नव्हे, तो प्रमाद. म्हणून नीतीच्या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो: जे दिसत नाही ते कळतं कसं? इथं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, मदतीला येतात.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार आहेत. त्यातलं ‘शेषवत्’ म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं, असा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनानं दिला आहे आणि त्याचं उदाहरण पाण्याचंच आहे: नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असणार, हे ओळखणं. छतावर ओलीचा डाग पाहून वरच्या मजल्यावर गळती आहे असं म्हणणं, हे अगदी तेच अनुमान. खालच्या मजल्यावरचा माणूस जिना चढून वरच्याचं दार वाजवतो, तेव्हा तो शेषवत् अनुमान सांगायला आलेला असतो.

पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेपक उभा राहतो. म्हणतो, नदी फुगली याचा अर्थ पाऊसच झाला असा नाही; पुढं कुठं बांध पडून पाणी तुंबलं असेल तरी ती फुगते. तेव्हा अनुमान हे भरवशाचं प्रमाण नव्हे. वरच्या मजल्यावरचा माणूस नेमकं हेच म्हणतो. ‘ओल आमच्यामुळंच कशावरून? बाहेरच्या भिंतीला चीर असेल, तुमच्या एसीचं पाणी असेल.’ त्याला ठाऊक नसतं, पण तो गौतमाचा पूर्वपक्ष मांडत असतो.

सिद्धान्ती काय उत्तर देतो? दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. नुसतं ‘पाणी वाढलं’ एवढ्यावर शहाणा माणूस पावसाचं अनुमान करत नाही. पाण्याला ओढ आहे का, फेस आहे का, फळं, पानं, लाकडं वाहून येताहेत का, हे सगळं तो पाहतो. तुंबलेल्या पाण्यात हे नसतं.

कुशल प्लंबर हेच करतो. डाग बघून तो लगेच फरशीवर घण घालत नाही. आधी डागाचं चरित्र विचारतो. डाग फक्त पावसाळ्यात वाढतो आणि दिवाळीनंतर सुकतो? मग संशय बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कोब्यावर. बारा महिने, रात्रंदिवस सारखाच ओला राहतो? मग दाबाखालचा पाइप. गच्चीच्या टाकीतून येणारं पाणी त्यात सतत उभं असतं. सकाळी आंघोळीची वेळ झाली की गडद होतो आणि दुपारी फिका पडतो? मग नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा सांडपाण्याचा पाइप. डागावर पांढरा लोणा आला असेल तर पाणी बराच काळ सिमेंटमधून क्षार ओढत झिरपतं आहे. आणि मोरीचा वास येत असेल तर ते पाणी पिण्याचं नव्हे, हे सांगायला प्लंबरही लागत नाही.

एवढ्यावरही तो थांबत नाही, कारण डाग आणि गळती सहसा एका रेषेत नसतात. पाणी स्लॅबमधल्या सळईच्या कडेनं, विजेच्या तारांच्या नळीतून, कोब्याच्या उतारावरून सरकत जातं आणि मोकळी वाट मिळेल तिथं, बहुतेक वेळा पंख्याच्या हुकाजवळ, खाली उतरतं. म्हणून परीक्षा घ्यावी लागते. नहाणी ट्रॅपला बूच मारायचं, न्हाणीघरात दोन बोटं पाणी भरून ठेवायचं आणि चोवीस तास खालच्या छतावर नजर ठेवायची. डाग वाढला तर दोष फरशीच्या वॉटरप्रूफिंगचा. नाही वाढला, तर बूच काढून पाणी एकदम सोडायचं. आता वाढला तर दोष ट्रॅपपासून पुढच्या पाइपाचा. दोन्ही वेळा कोरडंच राहिलं, तर वरच्या घराचा मुख्य कॉक दिवसभर बंद ठेवून पाहायचं. हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं: अन्वय आणि व्यतिरेक. तर्कशास्त्राच्या वर्गात जे धूर आणि अग्नी यांच्या आधारानं शिकवतात, ते मोरीत बूच आणि बादलीनं सिद्ध होतं.

फ्लशच्या टाकीची परीक्षा तर घरातलं पोरही घेऊ शकतं. टाकीत थोडी कपड्यांची नीळ किंवा खाण्याचा रंग टाकायचा आणि वीसेक मिनिटं फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला, तर पडदा झिजला. नळाचं दुखणं त्याहून सोपं: कॉक बंद करायचा, पान्यानं आटे सैल करून स्पिंडल काढायचा, वायसर बदलायचा, सांध्यावर टेफ्लॉनच्या टेपचे दोन-चार वेढे द्यायचे. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथं आतला सगळा कार्ट्रिज बदलतात. चामडं गेलं, रबर आलं, रबरही जाऊ लागलं. सोवळ्याचा वाद कधी मिटला ते कुणाला कळलंही नाही.

आता एक बिनतोड वाटणारा आक्षेप. पावसाळ्यात धरणं भरून सांडत असतात, दरवाजे उघडून पाणी नदीत सोडतात. तेव्हा एक नळ गळला तर बिघडलं काय? शिवाय गळालेलं पाणी जातं कुठं? जमिनीत, समुद्रात, ढगात. पुन्हा पाऊस होऊन येतं. विश्वात काहीच नष्ट होत नाही, असं म्हणणाऱ्याला वेदान्ताचाही आधार सापडेल.

या आक्षेपाला सगळ्यात थेट उत्तर इस्लामी परंपरेत आहे. इब्न माजा यांच्या हदीस-संग्रहातला प्रसंग प्रसिद्ध आहे. साद नावाचे सहकारी वजू, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं, करत असताना पैगंबर तिथून जातात आणि विचारतात, ही उधळपट्टी कशाला? वजूतही उधळपट्टी असते का, असं साद चकित होऊन विचारतात. हो, वाहत्या नदीकाठी असलात तरीही, असं उत्तर येतं. नदीकाठी वजू केल्यानं नदी आटत नाही, हे वाळवंटातल्या माणसांना कळत नव्हतं असं नाही. प्रश्न नदीचा नाही, हाताचा आहे. खुद्द पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीस सांगते. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीचं माप, पाऊण लिटरच्या आत-बाहेर.

आणि व्यवहाराचं उत्तरही आहे. नळातलं पाणी म्हणजे नदीतलं पाणी नव्हे. मुंबईच्या नळाला येणारं भातसाचं पाणी पिसे इथं उपसावं लागतं, पांजरापूरला शुद्ध करावं लागतं, मोठमोठ्या जलवाहिन्यांतून शहरात आणावं लागतं आणि सोसायटीच्या तळटाकीतून पुन्हा पंपानं गच्चीवर चढवावं लागतं. मोरीत गळून गेला तो थेंब शुद्ध केलेला, विजेवर चढवलेला थेंब होता. तो ढगात परत जाईल. त्यावर खर्ची पडलेली वीज परत येणार नाही. आणि तो गटारात न जाता स्लॅबमध्ये शिरला तर आणखी वाईट. आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आतून रेटा देतो आणि काँक्रीटचे ढलपे सुटून पडतात. छत पडलेल्या माणसाला विश्वात काहीच नष्ट होत नाही, हे समजावून पाहावं.

इथंच गळतीचं नैतिक वेगळेपण दिसतं. गळती वरच्याची, ओल खालच्याची. बाकीच्या बहुतेक चुकांचे चटके निदान थोडे तरी चूक करणाऱ्याला बसतात. इथं ज्याच्या घरात दोष आहे त्याची फरशी कोरडी ठणठणीत, आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्या कपाटातल्या साड्यांना बुरशी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी यावर रेघ ओढली आहे. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं संस्थेकडे. न्हाणीघर, संडास, सिंक यांच्यातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदाकडे. कायदा इथवर येतो. पण दार वाजल्यावर ‘आमच्याकडे तर काही दिसत नाही’ म्हणणाऱ्याला प्लंबर बोलावायला लावणं नुसत्या कायद्याला जमत नाही. अशी प्रकरणं वर्षानुवर्षं रखडतात, आणि तोवर सळई गंजत राहते.

महात्मा गांधींनी या जागी ‘अस्तेय’ हा शब्द ठेवला असता. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना दर आठवड्याला एका व्रतावर पत्र लिहिलं. अस्तेयावरच्या पत्रात त्यांनी चोरीचा अर्थ फार ताणला: दुसऱ्याची वस्तू उचलणं तर चोरी आहेच, पण जिची गरज नाही ती वस्तू घेणं हीसुद्धा चोरी. गळका नळ या व्याख्येत चपखल बसतो. घेतलं कुणीच नाही, वापरलं कुणीच नाही, तरी टाकीतून गेलं. पण गांधींच्या व्याख्येतही घेणारा हात आहे. गळतीत तोही नाही. आहे तो फक्त न वळलेला हात.

तो हात वळवणारा एक माणूस मीरा रोडला होता, आणि तो साधू नव्हता की इंजिनिअर. आबिद सुरती, १९३५ चा जन्म. लेखक, चित्रकार, व्यंगचित्रकार. ‘धर्मयुग’मधले ढब्बूजी त्यांचे, इंद्रजाल कॉमिक्समधला बहादुर त्यांचा. लहानपण डोंगरीत पाण्याच्या रांगा पाहत गेलेलं. त्यामुळं मित्राकडे गेलं आणि नळ ठिबकताना दिसला की ते अस्वस्थ होत. मित्र सांगत, एका वायसरसाठी प्लंबर येत नाही. त्याला मोठं काम लागतं. २००७ मध्ये एका साहित्य पुरस्काराचे एक लाख रुपये हाती आले आणि बहात्तराव्या वर्षी त्यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. संस्था म्हणजे तीन माणसं: ते स्वतः, पगारावर ठेवलेला एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती. आधी इमारतीत पत्रकं वाटायची आणि रविवारी सकाळी दारोदार जायचं. नळ गळतो का? गळत असेल तर वायसर फुकट बदलून देतो. घाऊक बाजारातून रबरी चकत्या आणायच्या आणि पुढच्या दारी जायचं.

या कामात उपदेश जवळजवळ नव्हता, हे त्याचं बळ. वरच्या मजल्यावरच्या माणसाला पापाची भीती घातली नाही, बिलाची नाही, उपविधींची नाही. अडचण नेमकी कुठं आहे ते त्यांनी ओळखलं: लोक दुष्ट नसतात, त्यांना वायसरची गरज आहे आणि वायसरसाठी कुणी येत नाही. उमास्वातींच्या प्रमादावर सुरतींचा उतारा एवढाच, की बेसावध माणसाच्या दारी सावध माणसानं जाऊन बेल वाजवावी.

एकनाथांची एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या कचेरीत नाथ हिशेब लिहीत. एका रात्री एक पै जुळेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलटत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याचा हा आनंद, तर आयुष्याच्या हिशेबातली चूक सापडली तर किती होईल, असं त्यांनी शिष्याला विचारलं. कीर्तनकार पुढच्या अर्ध्या वाक्यावर तासभर बोलतात. पण पहिलं अर्धं वाक्यही तेवढंच मोलाचं आहे. पैची चूक शोधायला रात्र घालवावी असं नाथांना वाटलं, आणि गुरूनं त्यांना वेड्यात काढलं नाही. पुढं पैठणला याच नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपात देवानं बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं, अशी श्रद्धा आहे. तो रांजण आजही नाथांच्या वाड्यात दाखवतात आणि नाथषष्ठीच्या सुमारास भाविक तो भरतात. देव पाणी भरायला येतो म्हणून रांजण गळका असून चालेल, असं त्या घरात कुणी म्हटलं नसतं.

तर सुरुवातीचा प्रश्न. पिंडीवरची गळती पुण्याची का? भोक तिलाही आहे, थेंब तिचाही पडतो. पण त्या भोकाचा आकार कुणीतरी ठरवलेला असतो. भांडं रिकामं झालं की गुरव ते भरतो. थेंब पिंडीवरून शाळुंकेत, तिथून गोमुखातून सोमसूत्रात जातो, आणि ती वाट भाविकांना इतकी पाठ असते की प्रदक्षिणा घालताना ते ती ओलांडत नाहीत, तिथवर जाऊन मागं फिरतात. पाणी कुठून येतं, किती पडतं, कुठं जातं, हे देवळातल्या पोराला सांगता येतं. घरातल्या गळतीबद्दल यातलं एकही उत्तर घरच्यांकडे नसतं. पुण्य आणि नासाडी यांच्यातला फरक पाण्यात नाही. पाण्याच्या वाटेवर कुणाचं लक्ष आहे की नाही, यात आहे. निकाल हाच, आणि तो द्यायला देव मानावाच लागतो असंही नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती, तीही आज रात्रीपुरती. सगळे झोपायला गेले की घरातले सगळे नळ बंद आहेत ना ते पाहावं, पाण्याच्या मीटरवरचा आकडा कागदावर लिहावा आणि पहाटे कुणी उठायच्या आत पुन्हा वाचावा. घराला वेगळा मीटर नसेल, तर सोसायटीला सांगून एका रात्री गच्चीच्या टाकीत येणारं पाणी बंद ठेवावं आणि पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण करावी. आकडा पुढं सरकला असेल किंवा पातळी खुणेच्या खाली गेली असेल, तर पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा. नीळ बहुतेक घरांत असतेच.